फँटसी कादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांकडून वेळोवेळी आलेले आहेत. एकाच अर्थाचे चार-पाच होते तिथे एकच ठेवला. मतं आमची. कथानक सांगण्याची वेळ आली तिथे सुरुवातीच्या भागापलीकडे गेलेलो नाही, तेव्हा पुस्तक वाचायचं बाकी असलं तरी हे पान बिनधास्त वाचा.

१. फँटसी म्हणजे नक्की काय? परीकथा, पौराणिक कादंबरी आणि विज्ञानकथा यांच्यापेक्षा ती वेगळी कशी?

अशक्य गोष्ट घडते आणि त्या जगातली माणसं ती खरी धरूनच जगतात, व्यवहार करतात, कर भरतात, ती फँटसी. विज्ञानकथा अशक्याला शास्त्राचा टेकू देते. फँटसीला टेकू नको असतो, पण शिस्त लागते (प्रश्न ५ पाहा).

पौराणिक कादंबरीचं गणित निराळं. 'ययाति'मध्ये मुलगा बापाला तारुण्य देतो ही शुद्ध अद्भुत घटना आहे, पण ती वाचकाला आधीपासून ठाऊक असते. लेखकाची सगळी ताकद पात्रांच्या मनाकडे वळते. फँटसी लिहिणाऱ्याला ही सोय नाही. त्याला जग शून्यातून उभं करायचं असतं आणि तेही वाचकाला जांभई येण्याच्या आत.

मराठीला हा प्रकार परका नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. आपल्या कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुतरम्याला मोठी जागा होती. पुढे सामाजिक कादंबरीने मैदान मारलं आणि अद्भुताची रवानगी बालवाङ्मयात आणि गूढकथेत झाली.

२. एकही फँटसी वाचलेली नाही. कुठून सुरू करू?

सगळ्यांत जाड पुस्तकापासून करू नका. लोक नेमकं तेच करतात आणि दीडशे पानांवर खूण अडकून राहते. एरवी काय वाचता त्यावरून निवडा.

रहस्यकथा आवडत असतील तर रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांची 'द टेंटेड कप' (२०२४). तिला २०२५चा ह्युगो पुरस्कार मिळाला आणि तो योग्य पुस्तकाला गेला. एका हवेलीत साम्राज्याचा अधिकारी मरून पडला आहे; त्याच्या शरीरातून झाड फुटलं आणि छत फोडून वर गेलं. तपासाला आलेला दिन हा पोरसवदा सहायक जे पाहतो ते विसरत नाही. प्रत्येक जागा पाहताना तो कुपीतला एक ठरावीक वास घेतो, आणि नंतर तोच वास घेतला की तिथलं सगळं जसंच्या तसं आठवून सांगतो. त्याची वरिष्ठ अॅना डोळ्यांवर पट्टी बांधून घरात बसते आणि ऐकून निष्कर्ष काढते. शेरलॉकच्या वाचकाला पाचव्या पानावर घरी आल्यासारखं वाटेल. जग विचित्र आहे, पण प्रश्न ओळखीचा: खून कोणी केला?

कमी पानांत काम हवं असेल तर सुझॅना क्लार्क यांची 'पिरानेसी' (२०२०), जेमतेम अडीचशे पानं. तिच्याबद्दल प्रश्न १७मध्ये.

आजीच्या गोष्टीसारखा सूर हवा असेल तर अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८). दोनशेच्या आसपास पानं आणि एकही वाक्य फुकट गेलेलं नाही. हसायचं असेल तर थेट प्रश्न ११कडे जा.

३. इंग्रजी वाचायला जड जातं. मराठीत काय मिळेल?

दोन मोठी नावं हाताशी आहेत. हॅरी पॉटरची मालिका मंजुल प्रकाशनाने मराठीत आणली. पहिला भाग 'हॅरी पॉटर आणि परीस'. मूळ नावातल्या तत्त्वज्ञाच्या दगडाला 'परीस' हा शब्द इतका फिट्ट बसला आहे की मूळ नावच अनुवाद वाटावं. टोल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा मुग्धा कर्णिक यांनी केलेला अनुवाद 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने उपलब्ध आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या इंग्रजी फँटसीसाठी मात्र मूळ पुस्तकाकडेच जावं लागतं. काही गोष्टी मराठीत आणणं खरोखर कठीण आहे, आणि अडचण कधीकधी लिपीतच असते. 'पिरानेसी'चा निवेदक घर, भरती, पुतळा हे शब्द मोठ्या अक्षराने सुरू करतो. त्या एका खुणेवरून त्याची त्या घरावरची भक्ती कळते. टेरी प्रॅचेटच्या विनोदी डिस्कवर्ल्ड मालिकेतलं 'मृत्यू' हे पात्र तर सगळं मोठ्या अक्षरांतच बोलतं. देवनागरीत मोठं अक्षर नाही. तिथे अनुवादकाला आदरार्थी बहुवचन, ठळक टाइप किंवा आणखी काही युक्ती शोधावी लागेल.

इंग्रजीची सवय करायची असेल तर आधी 'अर्थसी' घ्या. वाक्यं साधी, शब्द जुने पण मोजके.

४. पहिली शंभर पानं काही कळतच नाही. नावंच इतकी असतात! काय करावं?

लेखकाने ते मुद्दाम केलेलं असतं, आणि कधी कधी जरा जास्तच. ब्रँडन सँडरसन यांच्या 'द वे ऑफ किंग्ज' (२०१०)मध्ये आधी एक पूर्वरंग, मग प्रस्तावना, मग पहिलं प्रकरण येतं. तिन्ही वेगवेगळ्या माणसांच्या डोळ्यांतून, आणि तिघांपैकी एकही कथेचा मुख्य नायक नाही. नायक कालादिन, त्याचं स्वतःचं प्रकरण दुसरं. वाचक पहिल्या तिघांना घट्ट धरून बसतो आणि हात रिकामे राहतात.

उपाय साधा आहे. खुणेसाठी पाठकोरा कागद वापरा. नाव पहिल्यांदा आलं की लिहू नका, दुसऱ्यांदा आलं की लिहा. निम्मी नावं आपोआप गळतात. नावापुढे नातं लिहू नका, कृती लिहा: 'पूल वाहणारा', 'पुस्तक चोरायला आलेली'. कृती लक्षात राहते. नकाशा सुरुवातीला पाठ करू नका. पात्रं प्रवासाला निघाली की उघडा.

जाड पुस्तकांच्या शेवटी घराण्यांची यादी असते. चालू भागाची यादी बघायला हरकत नाही, पण पुढच्या भागाची यादी आधी उघडू नका. जॉर्ज मार्टिन यांच्या 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेत कोण मेलं ते तिथेच छापलेलं असतं.

एका माणसाला चार नावं असणं हा आपल्यासाठी अडसर नसावा. पार्थ, धनंजय, सव्यसाची हे एकच हे सांगायला आपल्याला तळटीप लागत नाही.

५. 'जादूचे नियम चांगले आहेत' असं सगळे म्हणतात. जादूला नियम कशाला?

शेवटच्या प्रकरणात नायकाने हात वर करून सगळे शत्रू भस्म केले तर वाचकाची फसवणूक होते, कारण मग पहिल्याच प्रकरणात का नाही केले? सँडरसन यांनी यावर एक सूत्र मांडलं आहे. जादूने पेच सोडवायचा असेल, तर ती जादू वाचकाला आधी तितकीच नीट कळलेली हवी.

त्यांच्याच 'मिस्टबॉर्न: द फायनल एम्पायर' (२००६)मध्ये हे जवळून पाहता येतं. काही मोजकी माणसं धातूचा कीस द्रवातून गिळतात आणि पोटातच 'जाळतात'. जस्ताने समोरच्याची भावना भडकवता येते, पितळेने शांत करता येते. कथिलाने डोळे-कान तीक्ष्ण होतात. लोखंड जाळलं की आसपासचा धातू आपल्याकडे खेचता येतो, पोलाद जाळलं की दूर ढकलता येतो. इथपर्यंत कोणीही सुचवेल. खरी करामत पुढच्या अटीत आहे: ढकलणं सरळ रेषेतच होतं आणि वजन मोजलं जातं. नाणं हलकं, म्हणून ते गोळीसारखं सुटतं. तेच नाणं खाली जमिनीवर टाकून ढकललं तर त्याला पुढे जायला जागा नाही, मग ढकलणाराच हवेत उडतो. शाळेतला न्यूटन इथे कामाला लागतो. विन ही नायिका हे शिकत असते तेव्हा वाचकही शिकत असतो, आणि शेवटच्या लढाईत ती काय करणार याचा अंदाज बांधू लागतो. धातू पोटातून संपला की जादू संपली. कुपी किती उरल्या हे मोजण्यातच अर्धा थरार आहे.

६. मग ज्यात नियम स्पष्ट नाहीत त्या कादंबऱ्या कच्च्या समजायच्या का?

अजिबात नाही. नियम सांगितलेला नसला तरी चालतो. किंमत मात्र दिसायला हवी. नवी कादंबरी हातात घेतली की आम्ही पहिल्यांदा हीच गोष्ट बघतो.

'अर्थसी'मध्ये गुरू शिष्याला बजावतात की इथे पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ असू शकतो. जादू कशी चालते हे ले ग्विन कधीच तपशिलात सांगत नाहीत, पण नायक गेडने तारुण्याच्या मस्तीत जे केलं त्याची सावली शब्दशः त्याच्या मागे लागते. आर. एफ. क्वांग यांच्या 'काटाबासिस' (२०२५)मध्ये केंब्रिजचे दोन संशोधक विद्यार्थी मेलेल्या मार्गदर्शकाला परत आणायला नरकात उतरतात, कारण त्याचं शिफारसपत्र हवं असतं. प्रवेशशुल्क म्हणून उरलेलं आयुष्य निम्मं द्यावं लागतं. पीएच.डी. करणाऱ्यांना यात अतिशयोक्ती कुठे आहे ते शोधावं लागेल.

श्रावणातल्या कहाण्या आठवा. वसा घेतला की भरभराट, आणि लगेच ताकीद: उतू नकोस, मातू नकोस, घेतला वसा टाकू नकोस. वसा का फळतो ते कोणी सांगत नाही. टाकला तर काय होतं ते मात्र चोख सांगतात. ज्या कादंबरीत जादू फुकट मिळते, तिचा नायक कितीही देखणा असो, दोनशे पानांत रस ओसरतो.

७. 'बेबेल'चं इतकं कौतुक का? आम्हाला उत्तरार्ध प्रचारकी वाटला.

दोन्ही बरोबर आहे. क्वांग यांची ही कादंबरी (२०२२) १८३०च्या दशकातल्या ऑक्सफर्डमध्ये घडते. जादू अनुवादाची आहे. चांदीच्या पट्टीच्या एका बाजूला एका भाषेतला शब्द कोरायचा, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या भाषेतला त्याचा प्रतिशब्द. अर्थाचा जो अंश एका भाषेतून दुसरीत येताना निसटतो, तो चांदी प्रत्यक्षात उतरवते. अट अशी की पट्टी वाचणाऱ्याला दोन्ही भाषा आतून यायला हव्यात. पहिल्याच प्रकरणात कँटनमध्ये पटकीने मरणाऱ्या मुलाला एक प्राध्यापक अशा पट्टीने वाचवतो. जुना फ्रेंच शब्द विषावरच्या उताऱ्याचा, त्यातूनच आलेला इंग्रजी शब्द काकवीसारख्या पाकाचा. मधला औषधाचा अर्थ गळाला होता, तोच चांदीतून बाहेर येतो.

दोन भाषांत वावरणाऱ्या कोणालाही हे वाचताना स्वतःच्या पट्ट्या सुचू लागतात. 'हुरहूर' एका बाजूला आणि 'अँग्झायटी' दुसऱ्या बाजूला कोरलं तर काय घडेल? 'रुसवा'ला इंग्रजीत काय लिहाल? ही मजा पूर्वार्धात भरपूर आहे. शिवाय चांदी लंडनकडे ओढली जाते आणि भाषा वसाहतींतून, हे सांगण्यासाठी जादू वेगळी आणि राजकारण वेगळं ठेवावं लागलेलं नाही. एकाच पट्टीवर दोन्ही आहेत.

उत्तरार्धात मात्र लेखिकेचा वाचकावरचा विश्वास उडतो. प्रसंगाने सांगितलेली गोष्ट पात्र पुन्हा बोलून दाखवतं आणि वर तळटीप तिसऱ्यांदा सांगते. कोलकात्याहून आलेला रमी हा सगळ्यांत जिवंत माणूस, त्याला आणखी पानं हवी होती. तरीही गेल्या काही वर्षांतली सर्वांत सुपीक कल्पना कुठली, असं विचारलंत तर हेच नाव सांगू.

८. सँडरसन कोणत्या क्रमाने वाचावेत?

प्रकाशनवर्षाच्या मागे न लागता हा क्रम धरा:

- 'मिस्टबॉर्न'चे पहिले तीन भाग (२००६–२००८). तिथे कथा पूर्ण होते. नाही आवडली तर थांबा.
- 'वॉरब्रेकर' (२००९). लेखकाने ती स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवली आहे.
- 'द वे ऑफ किंग्ज', 'वर्ड्स ऑफ रेडियन्स' (२०१४), मग 'एजडान्सर' ही लघुकादंबरी.
- 'ओथब्रिंगर' (२०१७), 'डॉनशार्ड', 'ऱ्हिदम ऑफ वॉर' (२०२०), 'विंड अँड ट्रुथ' (२०२४).

'वॉरब्रेकर' गाळली तर 'वर्ड्स ऑफ रेडियन्स'च्या शेवटी एक धक्का फुकट जातो. मिस्टबॉर्नच्या दुसऱ्या पर्वाचे चार भाग केव्हाही घ्या, पण पहिल्या तिघांनंतरच. 'सीक्रेट हिस्टरी' हे छोटं पुस्तक लहान आहे म्हणून आधी उचलू नका, ते पहिल्या त्रयीचं सगळं रहस्य फोडतं.

खरेदीतला खड्डा: ब्रिटिश पेपरबॅकमध्ये स्टॉर्मलाइटचा ('द वे ऑफ किंग्ज'पासून सुरू होणारी मालिका) एकेक भाग दोन खंडांत येतो. मुखपृष्ठावर 'पार्ट वन' लिहिलेलं पुस्तक म्हणजे त्या कादंबरीचा निम्मा भाग. मागवण्याआधी पानसंख्या पाहा. सहाशेच्या आसपास असेल तर दुसरा अर्धा अजून घ्यायचा आहे.

९. 'विंड अँड ट्रुथ' आवडलं नाही. आमचंच काही चुकलं का?

नाही. १३००हून अधिक पानांत दहा दिवसांची कथा आहे आणि विभागणी दिवसागणिक केली आहे. त्यामुळे ज्या पात्राकडे त्या दिवशी करण्यासारखं काही नाही, त्यालाही हजेरी लावावी लागते. संवाद अचानक आजच्या समुपदेशकाच्या खोलीतले वाटतात, तेही खटकतं. मालिका दहा भागांची ठरलेली आहे आणि या पाचव्या भागात पहिलं आवर्तन संपतं, म्हणून इथवर आलेल्याने वाचावंच. नव्या वाचकाने मात्र या पुस्तकावरून लेखकाची पारख करू नये.

१०. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा सात पुस्तकांचा संच घेतला. म्हणजे मालिका पूर्ण आहे ना? नसेल तर अपुऱ्या मालिका वाचाव्यात का?

पूर्ण नाही. पुस्तकं सात असली तरी कादंबऱ्या पाचच आहेत. ब्रिटिश आवृत्तीत तिसऱ्या आणि पाचव्या कादंबरीचे दोन-दोन तुकडे केलेले आहेत. पहिली कादंबरी १९९६ची, पाचवी २०११ची. सहावी अजून यायची आहे. दूरदर्शन मालिका २०१९मध्ये संपली ती पुस्तकांच्या पुढे जाऊन. आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी: चौथी आणि पाचवी कादंबरी बऱ्याच अंशी एकाच काळात घडतात, फक्त वेगवेगळ्या प्रदेशांत. चौथीत आवडतं पात्र दिसलं नाही म्हणून पुस्तक सदोष आहे असं समजू नका.

अपुऱ्या मालिकांबद्दल आमचं मत एकसारखं नाही, पुस्तकागणिक बदलतं. मार्टिनच्या पहिल्या तीन कादंबऱ्या (तिसरी २०००ची) अपुरेपणासह वाचण्यासारख्या आहेत, कारण तिसऱ्याच्या अखेरीस अनेक धागे खरोखर सुटतात. पॅट्रिक रॉथफस यांचं तसं नाही. 'द नेम ऑफ द विंड' (२००७) भाषेच्या दृष्टीने सुंदर आहे, पण नायक तीन दिवसांत स्वतःची गोष्ट सांगणार असं वचन देतो. दुसरा दिवस २०११मध्ये आला, तिसरा अजून उजाडलेला नाही. साठा उत्तराची कहाणी सुफळ संपूर्ण झाल्याशिवाय झोप न लागणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

संपलेल्या मालिकांपैकी आधी रॉबिन हॉब यांची फारसीअर त्रयी घ्या, नंतर जेमिसिन (प्रश्न १५) आणि ताशा सुरी (प्रश्न १४).

११. डिस्कवर्ल्डची ४१ पुस्तकं आहेत. पहिल्यापासून वाचायची का?

नको. पहिलं (१९८३) हे त्या काळच्या फँटसीची टर आहे. मूळ वाचलेलं नसेल तर विनोद हवेत जातो. शहर पोलिसांची गोष्ट हवी तर 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९), मृत्यू उमेदवार ठेवतो ती 'मॉर्ट' (१९८७), देव आणि देवस्थानांवरची 'स्मॉल गॉड्स' (१९९२). शेवटचीत एका महान देवाचा खरा भक्त एकच उरलेला असतो, म्हणून तो कासव होऊन बसतो. पंढरीच्या वाटेवरच्या माणसाला ही कादंबरी युरोपातल्या वाचकापेक्षा जास्त कळेल असा आमचा दाट संशय आहे.

बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत. 'एवढं प्रकरण संपवून उतरू' असं लोकलमध्ये ठरवलंत तर स्टेशन जाईल.

१२. टोल्किन दोनदा सोडला. तिसऱ्यांदा काय वेगळं करू?

'द हॉबिट' (१९३७) आधी वाचा. मग 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रस्तावनेतला हॉबिटांच्या तंबाखूचा भाग सरळ ओलांडा. पहिला टप्पा रिव्हेंडेलपर्यंतचा धरा. तिथवर कथा रमतगमत चालते: वाढदिवसाच्या मेजवानीनंतर खरा प्रवास सुरू व्हायला कथेतली सतरा वर्षं जातात! गाणी मनात न वाचता मोठ्याने वाचा, किंवा सोडून द्या. अर्धवट नजर फिरवलीत तर मात्र ती त्रास देतात.

उच्चाराची एक किल्ली: एल्फांच्या नावांत सी हे अक्षर नेहमी 'क'. सेलेबॉर्न नव्हे, केलेबॉर्न.

तिसऱ्या खंडाची जाडी फसवी आहे. शेवटची शंभरहून अधिक पानं परिशिष्टांची आहेत, तेव्हा कथा वाटते त्याच्या बरीच आधी संपते.

१३. तेरा वर्षांची मुलगी 'फोर्थ विंग' मागते आहे. द्यावं का?

मुखपृष्ठावर ड्रॅगन आहे, नायिका सैनिकी विद्यालयात शिकते, म्हणून पालकांची गल्लत होते. रिबेका यारोस यांची ही कादंबरी (२०२३) प्रौढांसाठी लिहिलेली आहे. शरीरसंबंधांची वर्णनं उघड आणि सविस्तर आहेत, हिंसाही आहे. सतरा-अठरापर्यंत थांबा. प्रौढ वाचकाला विचाराल तर ती वेगवान आहे, ड्रॅगनचे संवाद खुसखुशीत आहेत, आणि सैनिकी व्यवस्था मात्र पुठ्ठ्याची: इतके विद्यार्थी रोज मारले गेले तर लढायला उरणार कोण?

तेराव्या वर्षी ड्रॅगनच हवा असेल तर 'अर्थसी'. धीट, चौकस मुलीसाठी प्रॅचेटची 'द वी फ्री मेन' (२००३): नऊ वर्षांची टिफनी तवा घेऊन राक्षसिणीला सामोरी जाते. वाचनात मुरलेल्या मुलांना फिलिप पुलमन यांची 'नॉर्दर्न लाइट्स' (१९९५) द्या. शेवट हळवा आहे, त्या दिवशी घरी असा.

१४. भारतीय किंवा दक्षिण आशियाई वळणाची चांगली फँटसी कोणती?

ताशा सुरी यांची 'द जॅस्मिन थ्रोन' (२०२१) आणि पुढचे दोन भाग (२०२२, २०२४). पारिजातद्वीप नावाचं साम्राज्य, एका पडक्या देवळात कैद केलेली राजकन्या मालिनी, तिच्या सेवेला आलेली प्रिया. माणसांच्या कातडीतून पानं-फुलं उगवतात असा एक रोग पसरतो आहे. मराठी वाचकाला इथे एक गमतीदार अडचण येते: प्रिया, मालिनी, भूमिका ही नावं शेजारच्या इमारतीतली वाटतात आणि अद्भुताचा रंग चढायला वेळ लागतो. साठेक पानांनंतर ते विसरायला होतं. दोघींमधलं प्रेम आणि अविश्वास एकाच वेळी वाढत जातो, ते सुरी यांनी फार सावकाश विणलं आहे.

श्रीलंकेचे वज्र चंद्रसेकर यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' (२०२३, नेब्युला पुरस्कार) ही त्याहून अवघड आणि आमच्या मते त्याहून मोठी. नायक फेटरची सावली त्याच्या आईने जन्मतःच खिळ्याने उपटली आहे. त्याला वाढवलं ते एकाच कामासाठी: घर सोडून गेलेल्या, आता पूज्य झालेल्या बापाला मारायचं. बापाची उपाधी आणि त्याचे पंथ वाचताना बुद्ध आणि राहुल आठवतात. 'राहुल' म्हणजे बंधन ही पारंपरिक फोड ज्याला ठाऊक आहे त्याला नायकाच्या इंग्रजी नावाचा अर्थ लगेच लागतो. हा रोख पाश्चात्त्य वाचकाला शोधावा लागतो. आपल्याला तो दारातच भेटतो. भक्तिभावाने वाचणाऱ्याला काही जागा टोचतील. शहरातली जी दारं दीर्घकाळ बंद राहतात ती कायमची 'तेजस्वी' होतात, मग उघडतच नाहीत; त्यासाठी सरकारी खातं, नियम आणि अर्ज आहेत. हे वाचताना परदेशात आहोत असं वाटत नाही.

१५. 'द फिफ्थ सीझन'मध्ये लेखिका मलाच 'तू' म्हणते. हे काय आहे? पुढे बदलतं का?

बदलत नाही, आणि पहिल्या भागाच्या शेवटी त्याचं कारण लक्षात येऊ लागतं. तीन स्त्रियांचे तीन धागे आहेत. 'तू' फक्त एसुनच्या धाग्यात येतं. एन. के. जेमिसिन यांच्या या त्रयीला (२०१५–२०१७) लागोपाठ तीन वर्षं ह्युगो मिळाला. वाचताना एकच करा: प्रकरणाच्या सुरुवातीला कोणाचा धागा आहे ते पाहून घ्या. अपरिचित शब्दांची यादी मागे आहे. संकेतस्थळांवर पात्रांची माहिती शोधायला जाऊ नका, पहिल्याच ओळीत घात होतो.

१६. कोणत्या पुस्तकांत मन हलवणारे प्रसंग आहेत? आधी कळलं तर बरं.

'द फिफ्थ सीझन'ची सुरुवातच बापाने मारलेल्या लहान मुलाच्या मृतदेहापाशी होते. क्वांग यांच्या 'द पॉपी वॉर' (२०१८)चा पहिला तिसरा हिस्सा शालेय कथेसारखा आहे, म्हणून वाचक गाफील राहतो. २१व्या प्रकरणात नानजिंगच्या १९३७च्या कत्तलीवर बेतलेलं वर्णन येतं. ते प्रकरण ओलांडलं तरी कथेचा धागा तुटत नाही. 'द जॅस्मिन थ्रोन'मध्ये स्त्रियांना जिवंत जाळण्याचे उल्लेख आहेत. मार्टिनबद्दल वेगळं सांगायला नको.

१७. 'पिरानेसी'त काही घडतच नाही. मी काय चुकवतोय?

तारखा. निवेदक रोजनिशी लिहितो आणि वर्षांना आकडे देत नाही. 'नैर्ऋत्य दालनांत अल्बाट्रॉस आला ते वर्ष' असं नाव देतो. अफाट घर, पुतळ्यांनी भरलेली दालनं, खालच्या मजल्यावर समुद्र. त्याच्या मते जगात आजवर पंधराच माणसं झाली. वाचक त्याच्या डोळ्यांनी पाहतो तोवर सगळं शांत आहे. पण जुन्या वह्यांवर वर्ष कसं लिहिलं आहे आणि क्रमांक कसे बदलले आहेत तिथे थांबा. गोष्ट त्या वह्यांत घडते आहे.

१८. छापील, किंडल की ऑडिओ?

तळटिपा असलेली पुस्तकं ('बेबेल', प्रॅचेट) कानाने ऐकू नका. टीप मध्येच येते आणि वाक्याचा तोल जातो. किंडलवर तळटीप बोटाच्या टोकावर मिळते, नकाशे मात्र टिकलीएवढे दिसतात. 'द वे ऑफ किंग्ज' ऐकायला सुमारे ४५ तास लागतात. एकदा वाचून झालेलं पुस्तक ऐकायला ठीक. पहिल्यांदाच ऐकलंत तर नावं कशी लिहितात ते कळत नाही आणि प्रश्न ४मधला कागद कोराच राहतो.

१९. पदपथावर निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. घ्यावं का?

जुनं, वापरलेलं पुस्तक असेल तर जरूर घ्या. नवं कोरं, प्लॅस्टिकमध्ये बंद आणि तरी स्वस्त, म्हणजे बहुधा चोरटी छपाई. त्यात लेखकाला काही मिळत नाही हे तर आहेच, पण वाचकाचंही नुकसान ठरलेलं: नकाशाच्या जागी काळा डाग, समासात घुसलेला मजकूर, आणि सोळा पानांचा एखादा फर्माच गायब किंवा दोनदा बांधलेला. फँटसीत सोळा पानं गेली की तीन पात्रं आणि एक राज्य जातं. प्लॅस्टिक उघडू देत असतील तर पानांचे आकडे पुस्तकाच्या मध्यावर आणि शेवटच्या पाव भागात तपासा. घोळ तिथेच जास्त सापडतो.